आठवा माड

सीटी स्कॅनमध्ये भिकाजी परबांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी सत्तर टक्के बंद दिसत होती. एमआरआयमध्ये मात्र रक्त सगळीकडे पोचत होतं. खरं काय ते ठरवायला डॉक्टर समिधांनी त्या हृदयाची धडधडती प्रतिकृती संगणकाच्या पडद्यावर घेतली आणि तिला जिने चढायला लावले.

"जिने कसले चढयतस, बाय? माडार चढव तेका!" खुर्चीतून भिकाजी गरजले. पन्नास वर्षं ते नारळ पाडत आले होते.

समिधांनी तसंच केलं. सात माडांपर्यंत हृदय लालबुंद राहिलं. आठव्याला एक कोपरा निळा पडला.

"काका, गोळ्या पुरेत, ऑपरेशन नको. पण दिवसाला सातच माड."

भिकाजींनी शेजारी बसलेल्या लेकीचा घट्टे पडलेला तळहात उचलून दाखवला.

"आठव्यापासून माजी सुगंधाच चढता."