पाळकांच्या घरातली वाटणी

पाळकांच्या घरात कामाची सरळ वाटणी होती. ते चर्चच्या व्यासपीठावरून बजावायचे, “चांगल्या कामांनी कुणाचं तारण होत नाही, होतं ते फक्त विश्वासानं!” तेव्हा पाळकीणबाई कुणातरी आजाऱ्याच्या घरी चादरी धूत असायच्या. उपदेश ऐकायचा राहून जायचा, पण बाई निर्धास्त. “विश्वासाचं ह्यांनी बघायचं, धुणंभांडी मी,” असं म्हणून हसायच्या.

आता पाळकच अंथरुणाला खिळले होते. बाई त्यांची कूस बदलत होत्या, तेव्हा त्यांनी बाईंचं मनगट धरलं.

“प्रार्थना करतो गं, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. माझा विश्वास केव्हाच आटला. आणि कामं म्हणशील, तर ती आयुष्यभर तूच केलीस.”

बाईंनी दुसऱ्या हातानं टॉवेल पाण्यात बुडवला.

“आता माझ्या वाटचा विश्वास तूच धर. एवढी सेवा काय विश्वासाशिवाय होते?”

बाईंनी ओला टॉवेल पिळला, त्यांची पाठ नीट पुसून काढली आणि चादर सारखी केली.



“अहो, मला तो कधी जमलाच नाही. इतकी वर्षं मी तुमच्याच भरवशावर होते.”