बिननावाची चिठ्ठी

२०२२ सालची गोष्ट. सोलापूरच्या सुवार्ताबाई मनाच्या आजारावरच्या गोळ्या सुनेपासूनही लपवून घेत. शेवटी चर्चमधल्या महिलांच्या प्रार्थनासभेत त्यांनी प्रार्थनेसाठीच्या विनंत्यांच्या पेटीत बिननावाची चिठ्ठी टाकली : 'मी गोळ्या खाते. माझा विश्वास कमी पडला का?'

चर्चच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पत्नी रूथबाईंनी ती मोठ्यानं वाचली. "कुणाची गं ही? उभी राहा, तुझ्यासाठी प्रार्थना करू."

सुवार्ताबाईंना उठवेना. तेवढ्यात दुसऱ्याच चौघी उभ्या राहिल्या.

"अगं बायांनो, चिठ्ठी एकच हाय की!" रूथबाई हसल्या. "पण थांबा, मी बी खाते," म्हणत त्याही चौघींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मग मात्र सुवार्ताबाई उठल्या.

पुढे त्या चौघींपैकी दोघींच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, रूथबाईंच्या आणि बाकीच्यांच्या चालू आहेत. सुवार्ताबाई आता सुनेकडूनच गोळी मागून घेतात, आणि जेवणाआधी मानतात तसे देवाचे आभार मानून ती गिळतात.