घोड्याचा खूर

भर चौकातला तो पितळी घोडा कोणी बसवला, कशासाठी बसवला, कुणालाच ठाऊक नव्हतं. घड्याळाचा मनोरा झाला, जुना बाजार झाला, की इथे येऊन पाहुणे जांभया द्यायचे. म्हणून त्यांना शहर दाखवत फिरणाऱ्या धाकट्याने एकदा थाप ठोकून दिली, "याच्या खुराला हात लावा, घर सोडून गेलेलं माणूस परत येतं!" थाप अशी काही चालली, की हात लागून लागून खूर लखलखू लागला.

आज तो घोळका घेऊन चौकात पोचला, तर खुराला हात लावून त्याची आईच उभी.

"आई, तू इथे?"

"रोज येते. घरात एवढा जाणकार, आणि मला मेलीला हे शेजारणीकडून कळावं! दादाचं नाव घेऊन हात लावते. तू सांगतोस म्हणजे खरंच असणार. येईल ना रे तो?"

दादा घर सोडून गेला होता तोही धाकट्याच्याच थापेवर. भांडणाच्या भरात हा बोलून गेला होता, "आईलाच तू घरात नकोसा झालायस."

पाहुण्यांना कारंज्यापाशी बसवून त्याने कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"दादा, आई तसं कधीच म्हणाली नव्हती. मी खोटं बोललो. घरी ये."

दादाने विचारलं, "अचानक कसा आलो, म्हणून आईला काय सांगू?"

आई अजून खुरापाशीच उभी होती.



"घोड्याने बोलावलं म्हण."