बेचाळिसावा खेळ

आजचा खेळ नीट पार पडला तर शहीराच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: फ्रान्समधल्या मार्सेयच्या नाट्यमहोत्सवात तीन आठवडे, जाहिरातीवर दिग्दर्शकाच्या खालोखाल नाव, आणि कार्टूनमधल्या बदकाचा आवाज काढायच्या नोकरीतून कायमची सुटका. बदल्यात तिला फक्त मरायचं होतं. तेही नेहमीसारखं, पलंगावर, साडेपाचच्या सुमारास.

नाटक ज्या कादंबरीवर बेतलं होतं तिच्यात नायिका मरतेच. अलेक्झांड्रियातल्या प्रत्येकाने ती कादंबरी शाळेत वाचलेली. संशयी नवरा तापाने फणफणलेल्या बायकोला खोलीत कोंडतो, घरातले सगळे तिचा टाहो ऐकतात, जेवतात, झोपतात, आणि सातव्या दिवशी ती जाते. दिग्दर्शक उस्ताझ वगदीने रंगमंच सोडून हे नाटक एका जुन्या इमारतीतल्या घरातच लावलं होतं. तीस प्रेक्षक, प्रत्येकाच्या तोंडावर राखाडी पट्टी, बोलायला मनाई. बाकी मोकळीक: घरभर हिंडा, वस्तू हाताळा, आवडेल त्या पात्रामागे जा. आणि शहीराच्या दाराशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, खिळ्याला चावी.

"आणि कोणी उघडलंच तर?" तालमीत शहीराने विचारलं होतं.

वगदी हसला होता. "कोणी उघडत नसतं. तेच तर नाटक आहे."

एक्केचाळीस खेळ त्याचंच खरं ठरलं. लोक रडले, पट्ट्या भिजल्या, चावी जागची हलली नाही.

आज मार्सेयचे दोघे निवड करायला आले आणि नेमका एक प्रेक्षक कमी पडला. तीसचा आकडा भरायला हवा म्हणून वगदीने इमारतीच्या दरवानाच्या बायकोला, उम्म साबिरला, पट्टी बांधून वर पाठवलं. नाटकातल्या जेवणासाठी मुलूखियाचं हिरवं सार रोज तीच शिजवून द्यायची. ते कुठल्या प्रसंगात भुरकलं जातं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

शहीरा दारावर मुठी आपटत होती. "उघडा कोणीतरी! पाणी द्या!" बाहेर नवरा झालेल्या हिल्मीच्या चमच्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"यासाठी शिजवते होय रे मी?" उम्म साबिरचा आवाज. "बायको आत मरतेय आणि हा भुरके मारतोय! आण इकडे तो वाडगा."

"मावशी, पट्टी..." हिल्मी पुटपुटला. "तोंडावरची पट्टी वर करा."

"तुझ्याच डोळ्यांवर बांध ती. आणि तुम्ही हो? एवढी माणसं उभी, एकालाही हात नाहीत? चावी इथे टांगलीय की!"

कुलपात चावी फिरली.

शहीराची मूठ हवेतच राहिली. बंद दारापुढे काय करायचं ते तिला झोपेतही जमलं असतं. उघड्या दारासाठी कोणी संवाद लिहूनच दिले नव्हते. समोर पट्ट्या बांधलेले चेहरे, त्यांत मान उंचावून बघणारे मार्सेयचे दोघे. त्यांच्यामागे पडद्याआडून वगदीचे हात तिला खुणेने ढकलत होते: आत, आत.

"ताप आहे तुला," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पाऊल उचलवत नाही. मागे हो."

हिशेब सोपा होता. दोन पावलं मागे, पलंग, वीस मिनिटं, मार्सेय. म्हातारीची समजूत घालून खाली पाठवता आलं असतं. पाहुण्यांनी हसून सोडून दिलं असतं.

"बघतेस काय, पोरी?" उम्म साबिर म्हणाली. वाडगा तिने कमरेवर घट्ट धरला होता. "पायात काही घाल. जिन्याच्या फरश्या फुटल्यात."

शहीराने पलंगाखालून चपला ओढल्या.

"शहीरा!" वगदी पडद्याबाहेरच आला. "पुस्तकात ती बाहेर येत नाही!"

"पुस्तकात कोणी उघडलं नाही, उस्ताझ."

ती हिल्मीच्या टेबलाला वळसा घालून जिना उतरू लागली. प्रेक्षकांना नियम पाठ होता: आवडेल त्या पात्रामागे जा. तीसच्या तीस जण तिच्यामागे निघाले. वर हिल्मी उरला, हातात चमचा.

कोपऱ्यावरच्या रसवाल्याने चरक थांबवला आणि आजीच्या जमान्यातल्या पोशाखातली बाई, तिच्यामागे तोंडं बांधलेली वरात, हे सगळं डोळे फाडून पाहिलं. शहीराने त्याच्याकडे पाणी मागितलं. उभ्याउभ्या दोन पेले रिचवले. लोकांनी एकेक करून पट्ट्या खाली ओढल्या आणि सगळे एकदम बोलू लागले.

मार्सेयचे दोघे टॅक्सीत बसताना "कळवतो" म्हणाले. तसलं 'कळवतो' वगदीने आयुष्यात पुष्कळदा ऐकलं होतं.

चौघे प्रेक्षक मात्र दारातल्या तिकिटाच्या टेबलाशी परत आले. पुढे एक मास्तर. "बावीस वर्षं शिकवतोय मी हे. सातव्या दिवशी ती मरते. परीक्षेला येतं, दहा मार्कांना! आमचे पैसे परत करा."

वगदीने पैसे दिले, वही उघडली आणि शहीरा समोर येऊन उभी राहीपर्यंत मान वर केली नाही.

"हे चौघे तुझ्या पगारातून."

"कापा."

"मार्सेय गेलं."

"गेलं."

"उद्यापासून दुसरी मुलगी येईल."

"चपला पलंगाखाली ठेवून जाते. तिलाही लागतील."

वगदीने लिहिलं: चार तिकिटं परत, शहीराच्या नावे. कारणाच्या रकान्याशी पेन अडलं.

"काय लिहू? खेळ बंद पडला?"

"लिहा," शहीरा म्हणाली, "बाई मेली नाही."