अकरा तारखा

मंत्रिपदाची शपथ घेण्याआधी वकील उदय पारखींच्या मेंदूतून त्यांच्या सगळ्या अशिलांच्या आठवणी पुसण्यात आल्या. अशिलांची गुपितं सत्तेत नेऊ नयेत, हा कायदा त्यांनीच लिहिला होता.

संध्याकाळी जेवताना ते बायकोला म्हणाले, "हेमांगी, आपलं लग्न आठवतंय. पण त्याआधी तू भेटलीस कुठे?"

ती त्यांची अशीलच होती. घरभाड्याचा दावा अकरा तारखा चालला, आणि प्रत्येक तारखेनंतर कोर्टाच्या कँटीनमध्ये दोघांचा चहा.

"कँटीनमध्ये," ती म्हणाली. "लग्नाचं मीच विचारलं. तुम्ही आपले पुढची तारीख सांगत बसला होतात."

दुसऱ्या कुणाची गंमत ऐकावी तसे ते हसले. "मग मी काय म्हणालो?"

ते वाक्य तिला पाठ होतं. पण तिने सांगितलं, तर ते तिचं झालं असतं.

"आत्ता विचारलं, तर काय म्हणाल?"