दुमडलेला फोटो

दरवर्षी थंडीत कॅनडाहून वॉल्टर आणि ईडिथ हे म्हातारे नवराबायको मेक्सिकोत, माझात्लानला माझ्या वरच्या मजल्यावर राहायला येत. यंदा त्यांच्या लेकीने कळवलं, “दोघांतलं एक गेलं, एकच येईल.” कोण, हे विचारायचा धीर झाला नाही. हृदयाचं दुखणं वॉल्टरला होतं. म्हणून मृतांच्या सणाला मी दोघांचा फोटो मधोमध दुमडून त्याचाच चेहरा माझ्या गेलेल्या माणसांच्या फोटोंशेजारी झेंडूंत मांडला, समोर त्याच्या नावाने टकिला दारूचा पेला. दुपारी दार उघडलं, तर वॉल्टर उभा. मी घाबरून छातीवर क्रूसाची खूण केली. तो फोटोपाशी गेला. “चायोबाई, मेल्यावर तरी चांगली टकिला द्यायचीत!” शरमून मी घडी उलटवू लागले, ईडिथ दिसावी म्हणून. त्याने हात धरला. “एकटीला नका ठेवू. तिला तुमच्या माणसांची भाषा येत नाही.” फोटो उलगडून त्याने मांडला, आणि आपल्या नावाचा पेला रिकामा केला.