चाकांपुढची लिंबं

कुंभकोणमजवळ साक्कोट्टैतल्या शेडमधली जुनी, बंद फियाट बघताच सुंदरराव आणि त्यांची लेक घरीच दुरुस्त करायची स्वप्नं बघू लागले. त्यांच्या बायकोच्या, भवानीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. इतकी जपलेली गाडी म्हातारा मालक का विकतोय? ती चाकांपाशी वाकली आणि दचकली. चारही चाकांपुढे लिंबं साचली होती, वरची सुरकुतलेली, खालची वाळून काळीठिक्कर. "करणी केलीय हो, चला इथून," ती नवऱ्याच्या कानात मराठीत पुटपुटली. म्हाताऱ्याला मराठी कळली नाही, तिची नजर कळली. "दर आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठेवतो, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला. "त्यांच्यावरून गाडी न्यायची असते. पण चालवायची माझी बायको. ती गेली, मला चालवता येत नाही." भवानीनं पदर खोचला, म्हाताऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि नवऱ्याला नि लेकीला गाडीमागे बोलावलं. तिघांनी जोर लावला. वाळकी लिंबं कडाकडा फुटली.